ओल्या हिवाळ्यासाठी जीटी८६चे टायर : ऑक्टोबर ते जानेवारीची नोंद

यंदाच्या हिवाळ्यापुरता प्रश्न असा होता की, मँचेस्टरच्या दक्षिणेला, जिथे हिवाळ्यात बर्फापेक्षा पाऊसच जास्त पडतो आणि सकाळचे तापमान बहुधा तीन ते आठ अंशांच्या दरम्यान असते, तिथे टोयोटा जीटी८६ ही रिअर-व्हील-ड्राइव्ह (म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी) स्पोर्ट्स कार रोज वापरायची, तर तिला कोणते टायर घालावेत?

ऑक्टोबरअखेर गाडी जॅकवर घेऊन टायरच्या खाचांची खोली गेजने मोजली. पुढचे दोन्ही टायर साडेचार मिलिमीटरच्या आसपास होते. मागच्या डाव्या टायरवर बाहेरच्या खाचेत ४.१, मधल्या खाचांत ३.९ आणि आतल्या खाचेत ३.२ मिलिमीटर खोली भरली. उजव्याचेही चित्र तेच. ब्रिटनच्या कायद्याला टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, पूर्ण घेरभर, किमान १.६ मिलिमीटर खोली लागते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हे टायर चालण्यासारखे होते. परंतु नव्या टायरची खोली साधारण ८ मिलिमीटर असते, आणि तिच्या निम्म्याहून कमी उरलेला टायर कोरड्या रस्त्यावर छान वागत असला तरी साचलेले पाणी बाजूला सारण्याची त्याची कुवत बरीच घटलेली असते. या गाडीची मागची चाके वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात. त्यामुळे आतली कड आधी झिजते आणि उभ्याने पाहिले तर ती दिसतही नाही. गेज आतपर्यंत नेल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही.

या गाडीच्या १७ इंची रिमवर कारखान्यातून मिशेलिन प्रायमसी एचपी टायर येत असत. हेच टायर टोयोटाच्याच प्रियस या साध्या हायब्रिड गाडीच्या काही मॉडेलांवरही असत. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांना गाडीची मजा अफाट पकडीत नव्हे, तर मध्यम वेगातही चालकाला तोल जाणवण्यात आणायची होती. कोरड्या रस्त्यावर ही कल्पना मला मनापासून पटते; जानेवारीत, अंधारात, ओल्या राउंडअबाउटवर ती तितकीशी पटत नाही.

जुलैत ताम्हिणी घाटातून गाडी चालवलेल्या माणसाला ओल्या रस्त्याचे नवल नसते. फरक तापमानाचा आहे: तिथे धो धो पावसातही रस्ता वीस अंशांच्या वर असतो आणि रबर मऊ राहते, इथे तोच रस्ता चार अंशांवर असतो आणि उन्हाळी टायरचे रबर ताठरते. सात अंशांखाली उन्हाळी टायर निकामी, हा सर्वत्र ऐकू येणारा नियम मात्र मी ढोबळच मानतो. सिलिकाचे प्रमाण चांगले असलेला, नवा, उत्तम प्रतीचा उन्हाळी टायर पाच अंशांवर ओल्या डांबरावर पुष्कळदा हिवाळी टायरपेक्षा लवकर थांबवतो, कारण बर्फासाठी बनवलेले मऊ, बारीक चिरांचे ठोकळे बिनबर्फाच्या डांबरावर ब्रेक दाबताच वाकतात. ट्रॅकसाठी बनवलेल्या, जवळजवळ खाचा नसलेल्या टायरची गोष्ट वेगळी. ते या हवामानात गाडीला असूच नयेत.

म्हणून माझ्या हिशेबात थंडीइतकेच वजन साचलेल्या पाण्याला आहे. चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग काढण्याचे नासाच्या संशोधनातून आलेले एक जुने सूत्र आहे: हवेच्या दाबाच्या, म्हणजे पीएसआय आकड्याच्या, वर्गमुळाला १०.३५ ने गुणले की ताशी मैलांत उत्तर मिळते. पाण्याची खोली खाचांपेक्षा जास्त असेल तेव्हा ते लागू पडते. ३५ पीएसआयला उत्तर सुमारे ६१ मैल येते, २८ पीएसआयला सुमारे ५५, आणि इथल्या मोटरवेवर वेगमर्यादा ७० मैलांची आहे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने घटतो, त्यामुळे सप्टेंबरच्या उबदार दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीनेक पीएसआयने कमी भरते. टायर बदलण्याआधीचा हा फुकटचा उपाय आहे, आणि आपल्यापैकी किती जण तो करतात याविषयी मला शंका आहे.

पर्यायांपैकी १६ इंची रिमवर २०५/५५ मापाचे हिवाळी टायर हा तांत्रिकदृष्ट्या मोहक होता: टायर अरुंद, म्हणून पाणी कापायला बरा, आणि एकूण व्यास मूळ २१५/४५ आर १७ पेक्षा जेमतेम एक टक्का जास्त. पण रिमचा दुसरा संच ठेवायला जागा नाही, आणि रिमचे माप बदलले की विमा कंपनीला कळवणे आले. नवे उन्हाळी टायर घेण्याकडेही कल होता; जवळच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातले रस्ते आड आले नसते तर तेच घेतले असते. मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणारा कॅट अँड फिडल रस्ता ५०० मीटरांच्या वर चढतो, आणि खाली पाऊस असताना तिथे चिखलबर्फ असू शकतो.

शेवटी मूळ मापातच मिशेलिन क्रॉसक्लायमेट २ हे ऑलसीझन टायर घेतले. बाजूच्या भिंतीवर तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह आहे, म्हणजे बर्फावरची ठरावीक चाचणी टायर उत्तीर्ण झाला आहे. लेबलवरच्या ओल्या पकडीच्या श्रेणीवर मी फारसा विसंबलो नाही. ती श्रेणी नव्या टायरने सरळ रेषेत ब्रेक लावून ठरते. वळणावर किंवा साचलेल्या पाण्यात टायर कसा वागेल, हे ती सांगत नाही. बसवण्याआधी निर्मितीचा चार अंकी आकडा पाहिला, ज्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी एका दिशेची असल्याने बसवल्यावर चारही चाकांवरचे फिरण्याच्या दिशेचे बाण स्वतः तपासले.

डिसेंबरमधला अनुभव असा: साचलेल्या पाण्यातून जाताना स्टिअरिंग क्षणभर हलके पडण्याचा प्रकार जवळजवळ थांबला, आणि ओल्या चौकातून निघताना ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा पूर्वीइतका लुकलुकत नाही. किंमत मोजावी लागते ती कोरड्या दिवशी. वळणाच्या सुरुवातीला स्टिअरिंग आणि गाडी यांच्यात एक लवचिक थर आल्यासारखा वाटतो, आणि एकामागोमाग उलटसुलट वळणे आली की तो चांगलाच खुपतो. मला हिवाळ्यापुरता हा सौदा मान्य आहे. फक्त कोरड्या रविवारी गाडी बाहेर काढणाऱ्याने तो करू नये.

जानेवारीत पुन्हा गेज लावली तेव्हा मागच्या टायरची आतली खाच बाहेरच्या खाचेपेक्षा किंचित जास्त झिजलेली निघाली, म्हणून मागच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, अलाइनमेंटमध्ये तपासून घ्यायचा आहे. मार्चमध्ये पुढचे टायर त्याच बाजूने मागे आणि मागचे पुढे घेईन, म्हणजे बाणांची दिशा कायम राहील आणि जास्त खोलीचे टायर मागच्या चाकांवर येतील.