मिक्सरमागून ऐकलेले भुजबळ

माझा धंदा साऊंडचा. सभांना भोंगे, माईक, मिक्सर पुरवायचे आणि भाषण संपेपर्यंत स्टेजच्या कडेला मिक्सरवर हात ठेवून उभं राहायचं. त्यामुळे पुढारी मला पक्षावरून कमी आणि आवाजावरून जास्त कळतो. कुणी पहिल्याच वाक्याला एवढा ओरडतो की आवाज खाली ओढावा लागतो, कुणी कागदात तोंड घालून पुटपुटतो. छगन भुजबळ उभे राहिले की हाताला काम नसतं. फक्त त्यांना कॉलर माईक लावायच्या भानगडीत पडू नये. तो प्रसिद्ध मफलर नुसता घासला तरी भोंग्यांतून खरखर सुरू!

माझ्या मते ही सगळी मंडईची कमाई. जन्म नाशिकचा, 1947 चा, पण माणूस घडला भायखळ्याच्या बाजारात भाजी विकून. भाजीवाला पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलतो आणि ऐकवतो मागून चाललेल्याला. भुजबळही टोमणा मारतात स्टेजवरून, पण तो पोचतो थेट शेवटच्या रांगेत, जिथे मंडळी शेंगा सोलत बसलेली असतात. शेर सगळेच पुढारी टाकतात, बहुतेकांचे पाठांतर वाटतात. यांचा शेर आत्ताच सुचल्यासारखा येतो. हशा पिकला की मी आवाज थोडा चढवतो, पुढचं वाक्य हशात बुडू नये म्हणून. नवीन पोऱ्याला हे शिकवायला मला फार वेळ लागला, कारण तो स्वतःच हसत बसायचा.

आमच्या वडिलांकडे बेळगावची गोष्ट होती. 1986 साली सीमाप्रश्नाचं आंदोलन पेटलेलं, मराठी नेत्यांना कर्नाटक पोलीस अडवत होते, आणि भुजबळ दाढी लावून, वेष पालटून आत शिरले. वडिलांच्या तोंडी ती दाढी दर दिवाळीला वीतभर वाढायची. दोनदा मुंबईचं महापौरपद, 1991 साली शिवसेना सोडणं, पुढे उपमुख्यमंत्रिपद, या सगळ्यापेक्षा वडिलांना ती दाढीच मोठी वाटायची. मलाही वाटते, खोटं कशाला बोलू.

पण हशा आणि मत यांचे गल्ले वेगळे. 2014 च्या लोकसभेला भुजबळ नाशिकमधून उभे होते. सभांना हशा होता, टाळ्या होत्या, आणि निकाल लागला तेव्हा हेमंत गोडसेंनी त्यांना पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी पाडलं. लासलगावकडच्या एका सभेत माझ्या जनरेटरला टेकून एक म्हातारेबाबा बसले होते. पोट धरून हसले, टोपीनं डोळे पुसले आणि मला म्हणाले, "हसवतो रे भारी. पण कांद्याचं काय?" मी काय सांगणार? मी वायर गुंडाळत राहिलो.

2016 ते 2018 हा काळ भुजबळांचा तुरुंगात गेला. त्यावर आमच्या घरात दोन तट आहेत, आणि जेवताना तो विषय काढायचा नाही असं बायकोनं ठरवून टाकलंय. येवल्यानं, म्हणजे त्यांच्या विधानसभा मतदारसंघानं, मात्र 2004 पासून त्यांना सोडलेलं नाही.

डिसेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळात नाव आलं नाही तेव्हा दुसरा कुणी असता तर लांबलचक पत्रक काढलं असतं. हे एवढंच म्हणाले, "जहाँ नहीं चैना, वहाँ नहीं रहना." संध्याकाळपर्यंत अर्ध्या येवल्याचं व्हॉट्सअॅप स्टेटस तेच. माझ्या मेव्हण्यानं तर ते घरमालकाशी भाडं वाढवण्यावरून भांडताना वापरलं आणि पाचशे रुपये कमी करून घेतले.

20 मे 2025 ला शपथ झाली, खातं मिळालं अन्न व नागरी पुरवठा. मी टीव्हीवर बघत होतो, तेवढ्यात मेव्हण्याचा मेसेज: "दाजी, चैना मिळाली एकदाची. रेशनकार्डावरचं आपलं नाव दुरुस्त होईल का विचारा ना."