भारतमातेला संवाद नव्हता

फोंडा, १९ डिसेंबर, रात्री साडेअकरा

आज गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमासाठी चौथीतल्या एका मुलीला मी भारतमातेची साडी नेसवली. मोठ्यांची साडी अर्धी दुमडून घेतली, तरी निऱ्यांना सहा पिना लागल्या. हातात तिरंगा धरून ती पाऊण तास चौरंगावर उभी होती. सत्याग्रही झालेल्या मुलांना घोषणा होत्या, पोर्तुगीज शिपायालाही दोन वाक्ये होती. भारतमातेला मात्र एकही संवाद नव्हता, आणि नाटुकले माझेच असूनही ते माझ्या ध्यानात आले नाही. पिना काढताना ती हळूच म्हणाली, "टीचर, पाय खूप दुखले."

रात्री 'लैला' या २०१९ सालच्या मालिकेचा शेवटचा भाग पाहताना ते वाक्य पुन्हा आठवले. मुसलमान तरुणाशी लग्न केले म्हणून नायिका शालिनीच्या नवऱ्याला मारतात, मुलगी पळवतात आणि तिला शुद्धीकरणाच्या छावणीत डांबतात. अखेर मुलगी भेटते, पण आर्यावर्त, म्हणजे मालिकेतला तो काल्पनिक देश, हीच आपली आई असे ती मानते. पहिल्या भागातील हिंसेपेक्षा मला हेच अधिक भयंकर वाटले, कारण इथे आईला मारावेही लागत नाही, तिच्या जागी देश बसवला की पुरते.

'द हँडमेड्स टेल' या मार्गारेट अ‍ॅटवुडच्या कादंबरीतील गिलियड ही काल्पनिक राजवटही अशीच: ती बायबलातील राहेल आणि तिची दासी बिल्हा यांची कथा वाचून दाखवून स्त्रियांवर बळजबरी करते. ऐकणाऱ्या दासींना वाचनाचीच बंदी असल्यामुळे त्या कथेत आणखी काय लिहिले आहे, हे त्यांना पडताळता येत नाही.

हे सारे दूरचे म्हणून सोडून द्यावे, तर आमची गोव्याची भूमीच परशुरामाने बाण मारून समुद्राकडून मिळवलेली. ती गोष्ट मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगते, आणि वडिलांच्या आज्ञेवरून त्याने रेणुकेचा, म्हणजे स्वतःच्या आईचा, वध केला हे दरवर्षी गाळते. महाभारतात तो वर मागतो की आई जिवंत व्हावी आणि वधाची आठवण तिला राहू नये. आजवर मला या वरात मुलाची माया दिसत आली. आज मात्र त्या विस्मृतीपाशी मी अडले. रेणुकेला प्राण परत मिळाले, पण आपल्यावर काय गुदरले ते सांगण्याची सोय उरली नाही.

१९५५ साली सुधाताई जोशी म्हापशात पोर्तुगीज सत्तेला न जुमानता गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला. मुक्तिलढ्यात अशी बाई असताना मी चौरंगावर मुकी मूर्ती उभी केली, याची मला मनापासून खंत वाटते.

२६ जानेवारीला म्हापशाचा प्रसंग बसवायचे ठरवले आहे. सुधाताई त्याच मुलीने व्हावे. तिची वाक्ये उद्या तिला शेजारी बसवूनच लिहीन, आणि साडी तिच्या मापाची आणीन.