मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा डोळ्यातला दाब
साखर पेठेतल्या माझ्या आत्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, तेव्हा त्यांना काचबिंदू आणि दमा आहे, हे डॉक्टरांना सर्वप्रथम सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटले. शस्त्रक्रियेत डोळ्यातली जागा टिकावी म्हणून जेलसारखा घट्ट द्रव भरतात. तो शेवटी नीट धुऊन काढला गेला नाही, तर डोळ्यातले पाणी वाहून नेणारी बारीक जाळी तुंबते आणि एरवी १० ते २१ मिलिमीटर पारा असणारा दाब पहिल्या काही तासांतच चढतो. बहुतेकांचा तो एका दिवसात उतरतो, पण काचबिंदूने दुबळ्या झालेल्या डोळ्याच्या नसेला तेवढाही ताण सोसत नाही. म्हणून अशा रुग्णांना अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी किंवा दाब कमी करणारे थेंब देतात. या थेंबांपैकी टिमोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही, त्यामुळे आत्यांना दुसरे औषध मिळाले. डोळा ठणकला, मळमळले किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरवायला देतात त्या स्टिरॉइडच्या थेंबांनी मात्र काहींचा दाब काही आठवड्यांनी, कसलीही वेदना न होता वाढतो. म्हणून बाटलीवर थेंबांच्या वेळा ठळक अक्षरांत चिकटवल्या आहेत, आणि सोलापूरचे ऊन कितीही असो, पुढची तपासणी मी त्यांना चुकवू देणार नाही.