वाळलेलं झाड आणि त्यावर न चढलेला माणूस

आमच्या मागच्या अंगणातलं वाळलेलं झाड बघायला जो माणूस आला त्याचं पोट झाडावर चढण्यावरच चालतं. त्याने लाकडी हातोडीने खोड दोन-चार ठिकाणी ठोकून बघितलं, वर मान करून बराच वेळ फांद्या न्याहाळल्या आणि सरळ सांगितलं, या झाडावर मी चढणार नाही आणि माझ्या एकाही माणसाला चढवणार नाही. मला वाटलं आता हा भाव वाढवायला बघतोय. पण तो शांतपणे समजावत बसला, आणि तेव्हापासून हे डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय.

झाड ॲशचं. इकडे न्यू जर्सीत ॲशची झाडं जिकडे तिकडे वाळलीत. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगेरा आहे, मूळचा आशियातला, अमेरिकेत 2002 मध्ये मिशिगनला डेट्रॉईटजवळ सापडला आणि 2014 मध्ये न्यू जर्सीत. आपल्याकडे आंब्याला खोडकिडा लागतो तशातलाच प्रकार, अळी सालीखाली पोखरत जाते, पाणी वर चढणं बंद होतं आणि काही वर्षांत एवढं मोठं झाड खलास. सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक छिद्रं दिसतात, आमच्या झाडावर ढिगाने होती. आपली बाभूळ वाळली तरी टणक राहते, ॲशचं तसं नाही, ते मेलं की लाकूड फार लवकर ठिसूळ होतं. माणूस ज्या फांदीला दोर बांधून लटकणार तीच फांदी काही न सांगता मोडते. म्हणून चढायचं नाही, क्रेन आणायची.

क्रेनसकट कोटेशन आलं चौतीसशे डॉलर. रुपयात तीन लाखांच्या आसपास.

पाडणं टाळता येण्यासारखं नव्हतं. घराच्या इन्शुरन्सवाल्यांचं हिवाळ्यातच पत्र आलं होतं, मेलेलं झाड अमुक तारखेच्या आत काढा नाहीतर पॉलिसी रिन्यू होणार नाही. आणि उभं मेलेलं झाड काढायचा खर्च ते देत नाहीत, तो आपला. शिवाय झाड मेलंय हे माहीत असून ठेवलं आणि उद्या ते शेजाऱ्याच्या घरावर पडलं तर निष्काळजीपणाही आपल्याच गळ्यात.

मधल्या काळात एक पिकअपवाला दारावर येऊन गेला, करवत गाडीत तयार, कॅश द्या, आठशे डॉलरमध्ये आत्ता पाडतो. आठशे आणि चौतीसशे, मोह होतोच. पण शेजारचे आजोबा म्हणाले, त्याला आधी वर्कर्स कॉम्पचा, म्हणजे कामगारांच्या विम्याचा, कागद माग. मागितला, तर तो उद्या आणतो म्हणून गेला तो गेलाच. इथे झाडाचं काम करणाऱ्या कंपन्यांना राज्याच्या बोर्डाकडे नोंदणी करावी लागते, लायसनवाला माणूस लागतो आणि इन्शुरन्स लागतो. इन्शुरन्स दोन प्रकारचा, एक तुमच्या घराचं नुकसान झालं तर, आणि दुसरा तो वर्कर्स कॉम्प, म्हणजे काम करणारा माणूस जखमी झाला तर दवाखाना आणि बुडालेली मजुरी, आणि जिवानिशी गेला तर घरच्यांना पैसे. तो कागदही कंत्राटदाराच्या हातून घ्यायचा नाही, त्याच्या एजंटकडून थेट आपल्या ईमेलवर मागवायचा, म्हणजे पॉलिसी आज चालू आहे की नाही ते कळतं. मी मागवला आणि खरं सांगतो, दोनदा वाचला. मी ज्यांची नावंसुद्धा विचारली नव्हती अशा माणसांच्या हातापायाची सोय त्या कागदावर होती आणि माझ्या चौतीसशेतला एक भाग तिकडे जात होता. त्यानंतर ती रक्कम मला जड वाटली नाही.

काम सकाळी सुरू झालं. वीज कंपनीने घराकडे येणारी वायर आधीच उतरवून ठेवली होती. क्रेनने फांदी वरून धरायची, लिफ्टच्या बादलीत पट्टा बांधून उभा असलेला माणूस ती कापायचा आणि तो ओंडका आमच्या छपरावरून अलगद पुढच्या रस्त्यावर उतरायचा. फांद्या चिपरमध्ये जाऊन भुगा. दुपारपर्यंत अंगण मोकळं. बुंधा राहिलाय, तो मशीनने खरवडण्याआधी 811 ला फोन करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाईनींवर खुणा करून घ्याव्या लागतात, फुकट असतं ते.

रात्री अमळनेरला घरी फोन लावला. नाना ओरडलेच, "काय सांगी राह्यना तू! एक झाड तोडाना तीन लाख?" आपल्याकडे तर वखारवालाच उलटे पैसे देऊन लाकूड घेऊन जातो, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. आणि आमच्या गावात जो झाडं उतरवतो त्याची कला मी लहानपणापासून बघतोय, दोन घरांच्या मधला निंब फांदी फांदी करून खाली घेतो, कौलाला धक्का नाही, क्रेन नाही, काही नाही, एक कुऱ्हाड आणि एक सोल, म्हणजे जाड दोर. इथल्या कुणाला मी ते करून दाखवायला सांगितलं तर जमणार नाही हे मी पैजेवर सांगतो. त्यामुळे इकडचे हुशार आणि आपले अडाणी असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. पण तोच माणूस एकदा पडला होता, कंबर धरून महिनोन् महिने घरात होता, आणि ज्याचं झाड होतं त्याने एक पोतं दादर ज्वारी पाठवली. लोक त्याला दिलदार म्हणाले, मीही तेव्हा तसंच समजत होतो.

नानांना खरं दुखलंय ते दुसरंच. या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांनी यायचं ठरलं होतं, ताईपण माहेरी येणार, पोरांना झोक्यावर बसवायचं होतं, आणि तिकिटाचे पैसे झाडात गेले. मी त्यांना म्हटलं, नाना, ते झाड तसंच उभं ठेवून विमानात बसलो असतो तर तुमच्याकडे येऊन मला झोप लागली नसती. ते काही बोलले नाहीत. मला अजूनही वाटतं मी बरोबर केलं, बायकोलाही तेच वाटतं.

मग गावाकडच्या जिभाऊशी बोललो, कारण आमच्या खळ्यातला निंबही वाळलाय आणि पावसाळ्याआधी पाडायचाय. मी म्हटलं, लाकडाचा भाव नंतर ठरव. आधी वायरमनला सांगून लाईन बंद कर, आणि चढणाऱ्याच्या आणि त्याच्या दोन्ही पोरांच्या नावाने बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून घे, वर्षाला 20 रुपये लागतात, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख मिळतात, 18 ते 70 वयाच्या कुणालाही खातं असलं की निघतो. मजुरी बुडाली तर हा विमा काही देत नाही, ते आपण द्यायचं, हेही आधीच बोलून घे. आणि खोड पोकळ निघालं तर त्याला चढू देऊ नको, जेसीबी बोलाव, पैसे मी पाठवतो. जिभाऊ म्हणाला, त्याचं खातं चालू आहे का ते उद्या बाजाराच्या दिवशी विचारतो.