तुम्ही विचारलेत म्हणून : जुन्या मोटरहोमला आधी काय बसवावे?

आमच्या चोवीस वर्षे जुन्या मोटरहोमभोवती, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीभोवती, एक फेरी मारून झाली की लोक हमखास एकच प्रश्न विचारतात. पाठीला सायकलींचा रॅक, दारावर गुंडाळते छत, कुशीत नव्याने कापलेला सामानाचा कप्पा. एवढे सगळे बसवलेत, तर त्यातले सर्वांत आधी काय बसवलेत? विचारणाऱ्याला बहुधा एका शब्दात उत्तर हवे असते, कारण त्याचीही अशीच एखादी जुनी गाडी कुठेतरी उभी असते आणि ड्रिल हातात घेण्याची घाई झालेली असते. खरे उत्तर असे आहे की पहिले चार महिने आम्ही काहीही बसवले नाही. आधी गाडी तोलली, मग तिची ओल तपासली, आणि या दोन गोष्टींनीच आमच्या यादीतली निम्मी नावे परस्पर खोडून टाकली.

डिझेलची आणि पाण्याची टाकी भरलेली, गॅसचे सिलिंडर जागेवर, कपडे, भांडी, अंथरुणे आणि आम्ही दोघे आत, अशा प्रवासाला निघालेल्या अवस्थेत गाडी वजनकाट्यावर नेली. पहिल्यांदा फक्त पुढची चाके काट्यावर घेतली, मग संपूर्ण गाडी आणि शेवटी फक्त मागची चाके. पुढच्या ॲक्सलवर १,५१० किलो, मागच्या ॲक्सलवर १,७८० किलो, एकूण ३,२९० किलो. गाडीच्या पाटीवर कमाल एकूण वजन ३,५०० किलो आहे आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा १,९०० किलो. म्हणजे एकूण हिशेबात २१० किलो शिल्लक दिसत होते, परंतु मागच्या चाकांना त्यातले केवळ १२० किलो घेता येणार होते. बहुतेक जण पहिला आकडा पाहून खूश होतात आणि दुसऱ्याकडे लक्षच देत नाहीत. जुन्या गाडीचा जीव मात्र या दुसऱ्या आकड्यात अडकलेला असतो, कारण जोडायच्या बहुतेक वस्तू आपण तिच्या पाठीला टांगतो.

सायकलींच्या रॅकचे गणित इथेच सुरू होते. रॅक १५ किलोचा आणि प्रत्येकी १५ किलोच्या दोन साध्या सायकली, म्हणजे ४५ किलो. हे वजन मागच्या चाकांवर ४५ किलोच पडेल असे वाटते, पण तसे होत नाही. आमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३.५ मीटर अंतर आहे, आणि सायकली मागच्या चाकांच्याही २.१ मीटर मागे लटकतात. मागचा ॲक्सल येथे तरफेच्या टेकूसारखा वागतो. पुढच्या ॲक्सलपासून सायकलींपर्यंतचे ५.६ मीटर अंतर त्या ४५ किलोने गुणून ३.५ने भागले की मागच्या चाकांवरची खरी वाढ मिळते, आणि ती ७२ किलो येते. वरचे २७ किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेलेले असतात. आमच्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. ओल्या गवतावरून बाहेर पडताना पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली, की ते उचललेले २७ किलो नेमके कुठे गेले ते समजते.

याच गणितामुळे बॅटरीवर चालणाऱ्या सायकलींचा बेत आम्ही सोडून दिला. त्या प्रत्येकी २५ किलोच्या धरल्या तर रॅकसह ६५ किलो होतात आणि मागच्या ॲक्सलवर १०४ किलो पडतात. उरलेल्या १६ किलोंतून दारावरच्या गुंडाळत्या छताच्या वजनाचा वाटा वजा केला की हातात काहीच राहत नाही. बॅटऱ्या काढून गाडीच्या आत पुढच्या बाजूला ठेवल्याने थोडा फरक पडतो, पण तेवढ्यावर भिस्त ठेवण्याची माझी तयारी नव्हती.

आता ओल. जुन्या मोटरहोमच्या भिंती बाहेरून भक्कम दिसतात, परंतु बहुतेकांच्या आत एक सँडविच असते : बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये थर्माकोलसारखा फोम, आत तीनेक मिलिमीटरचे प्लायवूड, आणि ठरावीक अंतरावर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. फोममध्ये स्क्रू धरत नाही. तो लाकडी पट्टीत धरतो, पण ती पट्टी कोरडी असेल तरच. म्हणून ओलावा मोजायचे दोन सुयांचे यंत्र घेऊन मी सगळ्या भिंती आतून वीतभर अंतराने टोचत गेलो. बहुतेक ठिकाणी आकडा १५ टक्क्यांच्या खाली होता. मागच्या डाव्या कोपऱ्यात, पूर्वीच्या मालकाने बसवलेल्या शिडीच्या पायापाशी, तो एकदम २८वर गेला. आतले प्लायवूड उघडले तेव्हा लाकडी पट्टी ओल्या पुठ्ठ्यासारखी बोटाने उकरली जात होती. शिडी चार स्क्रूंवर उभी होती आणि स्क्रूंच्या भोवती सिलिकॉन भरपूर थापलेले होते. ते बाहेरून अगदी व्यवस्थित दिसत होते आणि आतून पाणी पीत होते. जेथे आम्ही रॅकचा वरचा ब्रॅकेट बसवणार होतो, तेथून ही जागा जेमतेम हातभर लांब होती. न तपासता रॅक बसवला असता तर दोन सायकली त्या कुजलेल्या लाकडाच्या भरवशावर रस्त्यावरून धावल्या असत्या.

शिडी काढली, ती कायमचीच. पट्टी बदलली, भिंत कित्येक आठवडे उघडी ठेवून वाळवली, आणि सिलिकॉनचा शेवटचा कण खरवडून काढण्यात दोन रविवार गेले. सिलिकॉनवर दुसरे कोणतेही सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, धड चिकटत नाही, रंगही धरत नाही. त्यामुळे मोटरहोमच्या बाहेरच्या अंगाला ते लावू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. जी वस्तू पुढेमागे काढावी लागेल तिच्याखाली न सुकणारी, मऊ राहणारी ब्यूटिल पट्टी बरी. जी वस्तू कधीच काढायची नाही तिच्यासाठी पॉलियुरेथेनचे चिवट सीलंट, कारण ते नंतर काढायचे म्हटले तर पत्र्याचा रंग घेऊनच निघते.

रॅकसाठी भोके पाडण्याचा दिवस मला तपशिलाने आठवतो, कारण त्या दिवशी मी एका भोकाला एक तास दिला. आधी आतून मोजून सांगाड्याची पट्टी कुठे आहे ते नक्की केले, बाहेर चिकटपट्टी लावून त्यावर खूण केली, बारीक भोक पाडले आणि ते योग्य जागी निघाल्यावरच मोठे केले. ज्या दोन ठिकाणी पट्टीऐवजी फोम लागला, तेथे वाकवलेल्या तारेने भोकाभोवतीचा फोम आतल्या आत कोरून काढला आणि त्या पोकळीत बोल्टच्या मापाची धातूची नळी उभी केली. असे न केल्यास बोल्ट आवळताना भिंतीचे सँडविच दाबले जाते, पत्र्याला खळगा पडतो आणि त्या खळग्यात पाणी साचते. आतल्या बाजूला नुसता वॉशर न घालता तळहाताएवढी, तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घातली, म्हणजे ओढ मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते. रॅकचे वरचे ब्रॅकेट भिंतीला बाहेर ओढत असतात आणि खालचे तिला आत दाबत असतात, त्यामुळे मोठी पट्टी वरच्या ब्रॅकेटला सर्वांत आवश्यक. आवळताना एकाने बाहेरून बोल्टचे डोके स्थिर धरायचे आणि दुसऱ्याने आतून नट फिरवायचा. डोके फिरले तर त्याखालची ब्यूटिल पट्टी पिळवटते. दुसऱ्या दिवशी ब्यूटिल थोडे बाहेर आलेले असते, तेव्हा नट पाव फेरा आणखी आवळायचा.

रॅक बसल्यावर नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना हे पाहणे ओघाने आलेच. एक गोष्ट मात्र मला एका खांबाने शिकवली : गाडी वळताना मागच्या चाकांमागचा भाग उलट बाजूला झेपावतो, आणि रॅकमुळे तो आता आणखी लांब झालेला असतो. सायकलींवर प्लास्टिकचे आच्छादन घालण्याचा मोहही टाळावा, ते वाऱ्यात शिडासारखे फुगते आणि पट्टे सैल करते.

सामानाच्या जागेबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि माझ्याकडे सांगण्यासारखे त्यातच सर्वांत कमी आहे. जागा बहुधा गाडीतच असते, फक्त ती नीट विभागलेली नसते. आम्ही पलंगाखालची मोठी पोकळी आडव्या पट्ट्यांनी तीन भागांत वाटली आणि त्यांत प्लास्टिकचे क्रेट ठेवले. लाकडी खण करावेत असे वाटले होते, पण १५ मिलिमीटर जाडीचे बर्च प्लायवूड चौरस मीटरला दहा किलोंच्या आसपास भरते, पॉप्लरचे त्याच्या साधारण दोन तृतीयांश. खणांच्या पोलादी सरकपट्ट्यांचे वजन वेगळेच. जड वस्तू खाली आणि दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, हलक्या वस्तू वर, एवढा नियम पाळला की पुरे. डोक्यावरच्या कप्प्यांत आमच्याकडे कपड्यांखेरीज काही नसते, कारण अचानक ब्रेक लागल्यावर त्या उंचीवरून येणारी वस्तू पाहुण्यासारखी येत नाही.

बाहेरून उघडणारा कप्पा मात्र आम्ही एक कापला, बसायच्या बाकाखाली. धडधाकट भिंतीला करवत लावताना हात थरथरतो हे कबूल करतो. कापलेल्या कडांमधला बोटभर फोम काढून तेथे लाकडी पट्ट्या बसवल्या आणि मग दाराची चौकट चिकटवली. कापून निघालेला तुकडा टाकून न देता त्याच दाराच्या चौकटीत भरला. चोवीस वर्षांच्या उन्हाने उतरलेला पांढरा रंग कोणत्याही नव्या पत्र्याला जमला नसता. कप्प्यांविषयी एक इशारा देऊन ठेवतो. गॅसच्या सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक असते, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळल्यास त्याला खाली वाट मिळावी लागते. त्या कप्प्यात मोकळी जागा दिसते म्हणून मी एकदा तेथे चटई कोंबली होती आणि ते भोक पूर्ण बुजवले होते. बायकोच्या लक्षात आले, माझ्या नाही.

छताची, म्हणजे ऑनिंगची, आम्हाला सर्वांत हौस होती आणि चूकही तेथेच व्हायची होती. चार मीटरचे छत मनात भरले होते. शेवटी तीन मीटरचे घेतले, सुमारे २२ किलोचे, कारण त्याचे तिन्ही ब्रॅकेट सांगाड्यावर येत होते. चार मीटरच्या छताचा एक ब्रॅकेट निव्वळ फोमवर लटकला असता. ऑनिंगची पेटी आणि भिंत यांमधल्या फटीला फक्त वरून सीलंट लावले, खालची बाजू मुद्दाम उघडी ठेवली. दोन्हीकडून बंद केले तर आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही.

छत बाहेर काढून झोपू नये, हे आम्हाला ठाऊक होते आणि तरीही आम्ही झोपलो. तीन मीटर लांब आणि अडीच मीटर पुढे आलेल्या कापडाचे क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर होते. त्यावर चार मिलिमीटर पाऊस पडला आणि वाहून गेला नाही, तर तीस लिटर, म्हणजे तीस किलो पाणी कापडाच्या मध्यावर गोळा होते. रात्री दोन वाजता आधी दांडा कुरकुरला, मग बाहेर पाहिले तर छताच्या पोटात पाण्याचा भला मोठा फुगा लोंबत होता. झाडूच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून तो खालून हळूहळू वर ढकलला आणि पाणी माझ्याच अंगावर रिकामे झाले. तेव्हापासून छताचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर खाली ठेवतो आणि मध्ये ताण देणारी आडवी दांडी घालतो. वाऱ्याला मात्र असा उपाय नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो, म्हणून झाडांचे शेंडे हलू लागले की आम्ही छत गुंडाळतो. ओले गुंडाळावे लागले तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवतो, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके कायमचे राहतात.

गाडीच्या टपावर सामानाची पेटी का बसवली नाही, असेही विचारले जाते. ती सामान सर्वांत उंच नेऊन ठेवते, गाडीची उंची वाढवते आणि आमच्या टपाच्या पत्र्यावर पाय देणेही धोक्याचे आहे. विषय तेथेच संपला.

सगळे बसवून झाल्यावर गाडी पुन्हा काट्यावर नेली : एकूण ३,४०५ किलो, मागच्या ॲक्सलवर १,८७८. म्हणजे मागे २२ किलो शिल्लक, एकूण ९५. ही पावती कपड्यांच्या कप्प्याच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. गेल्या महिन्यात बायकोने घडीचे टेबल पसंत केले, तेव्हा आम्ही दोघे ती पावती आणि एक स्प्रिंगचा काटा घेऊन बसलो. टेबल सात किलोंचे निघाले. ते आले, आणि दोन जुन्या लोखंडी खुर्च्या गेल्या.