नांगर थांबवला, मग युरियाचं वेळापत्रक बदललं

गव्हानंतर मका घ्यायचा आणि वावर नांगरायचं नाही, हे कळल्यावर शेजारच्या काकांचा पहिला प्रश्न: "काहून बाप्पा, यंदा वावर पडीत ठेवतं का?" कळमेश्वरकडची आमची जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. फुगून-आक्रसून ही माती अर्धी नांगरणी स्वतःच करते, असं माझं म्हणणं. बाबांना ते पटलं नाही. शेवटी अर्धं वावर नांगरलं, अर्ध्यात गव्हाचं काड तसंच ठेवून टोकण केली.

त्याआधी माती तपासून घेतली. धुरा, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा सोडून वीतभर खोल खड्ड्यांची माती एकत्र करून अर्धा किलो दिली. निकाल आपल्याकडचा ठरलेलाच: सामू (pH) आठच्या वर, सेंद्रिय कर्ब कमी.

मक्याची शिफारस हेक्टरी 120:60:40 किलो नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे एकरी नत्र साधारण 48 किलो. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यातून 9 मिळतं, स्फुरदही त्यातच भागतं. बाकीच्यासाठी युरियाची 45 किलोची दोन पोती. दोन्ही पट्ट्यांना खत तेवढंच. पण कधी आणि कसं द्यायचं, हे पार बदलतं, आणि नांगर हवा की नको या वादात नेमकं तेच कोणी बोलत नाही.

नांगरलेल्या भागात युरिया टाकला की मागून डवरा (बैलाने ओढायचं कोळपं) फिरतो, खत मातीआड जातं. काडाच्या पट्ट्यात डवरा चालत नाही. वर पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, आणि सामू जास्त असला की आणखीच. त्यात गव्हाच्या काडात कर्ब-नत्राचं प्रमाण 80:1 च्या आसपास. ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी आपल्यासाठी उचलतात. तिथला मका लहान असतानाच खालची पानं टोकापासून मधल्या शिरेने आत पिवळी पडत गेली. कडा मात्र हिरव्या. बाबा धुऱ्यावरून म्हणाले, "पाह्य, सांगतलं होतं नं मी?"

मका गुडघ्याएवढा होईस्तोवर न थांबता दुसरा हप्ता लवकर दिला. झाडापासून चार बोटं दूर खुरप्याने रेघ, त्यात युरिया, वर माती. मजूर बाया वैतागल्या, मजुरीही वाढली, पण नवी पानं गर्द हिरवी आली.

जुलैच्या झडीत खोलगट कोपऱ्यात दोन्हीकडे पाणी तुंबलं. तिथलं नत्र वायू होऊन गेलं, मका खुजाच राहिला. तिथे नांगर काय न् काड काय, चर काढल्याशिवाय उपाय नाही. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली तेव्हा मात्र नांगरलेल्या भागातली पानं दुपारी सुरळी होत, काडाच्या पट्ट्यातली नाही. काड बाजूला सारलं की खाली ओल आणि गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या.

उतारा काडाच्या पट्ट्यात थोडा कमीच आला. नांगरणी-रोटाव्हेटरचे पैसे वाचले, त्यातले बरेच निंदणाने खाल्ले. या खेपेला तो पट्टा तसाच ठेवतोय. बाबा आपला भाग नुसता वखरणार आहेत. ते म्हणतात, तुझ्यामुळे नाही, डिझेलमुळे.