मेकाँगचा त्रिभुज प्रदेश: सायगॉनहून एका दिवसात उरकू नका

व्हिएतनामला जाणारी आपली बरीच मंडळी मेकाँगला सायगॉनहून, म्हणजे हो ची मिन्ह शहरातून, एका दिवसात शिवून येतात. सकाळी बस, ‘मी थो’ या शहरात लाँच, बेन चेला नारळाच्या वड्यांचा कारखाना, मधाचा चहा, गळ्यात अजगर घालून फोटो आणि रात्री हॉटेलवर परत. त्या सहलीत दुकानं भरपूर दिसतात, नदी मात्र थोडीच. नवरा आणि मी कान थो आणि चाव डोक या दोन गावांत मुक्काम टाकून हा भाग पाहिला. जाणाऱ्यांनी निदान कान थोला दोन रात्री काढाव्यात, आणि जमलं तर कंबोडियाच्या सीमेलगतच्या चाव डोकपर्यंत जावं.

सायगॉन ते कान थो अंतर साधारण १७० किलोमीटर. फुंग चांग ऊर्फ फुटा कंपनीच्या बस मियेन ताय स्थानकातून सतत सुटतात. बसमध्ये चपला काढून पिशवीत ठेवायच्या आणि आडवं व्हायचं. उंच माणसाचे पाय मात्र मावत नाहीत, नवऱ्याने हा विषय परतीपर्यंत पुरवला. कान थोला उतरल्यावर याच कंपनीची छोटी गाडी शहरातल्या हॉटेलपर्यंत फुकट सोडते. आपल्या तिकिटात हे धरलेलं असतं, त्यामुळे स्थानकाबाहेरच्या टॅक्सीवाल्यांकडे वळू नका. शहरात फिरायला ग्रॅब हे टॅक्सीचं अ‍ॅप पुरतं.

कान थोचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे काय रांगचा तरंगता बाजार. फोटो पाहून गेलात तर हिरमोड होईल, म्हणून आधीच सांगते: बाजार आटला आहे. पूर्वी या भागात सगळा माल पाण्यावरून जायचा, कारण रस्ते जागोजागी नद्यांपाशी अडायचे आणि फेरीवर ताटकळावं लागायचं. २०१०मध्ये हाउ नदीवर, म्हणजे मेकाँगच्याच एका फाट्यावर, कान थोचा मोठा पूल झाला, २०२३च्या अखेरीस द्रुतगती मार्ग कान थोच्या दारापर्यंत आला, आणि अननस-कोहळे ट्रकमधून जाऊ लागले. ज्या रस्त्याने आम्ही झोपून आरामात आलो, त्यानेच बाजार खाल्ला. पर्यटकांच्या होड्या कधीकधी विक्रेत्यांच्या होड्यांहून जास्त वाटतात.

तरी जावं, पण पहाटे. निन किएउ धक्क्यावरून साडेपाचच्या आत निघालात तर घाऊक व्यापार थोडा तरी दिसतो; आठनंतर काही उरत नाही. प्रत्येक मोठ्या होडीवर एक उंच बांबू उभा असतो आणि जे विकायचं ते त्याच्या टोकाला टांगलेलं असतं: रताळं, भोपळा, अननस. वाळत घातलेले कपडे अर्थातच विकाऊ नसतात. आणि बांबूला नुसती झापाची पात टांगलेली दिसली, तर खुद्द होडीच विकायला काढली आहे असं समजायचं.

खरी मजा बाजारानंतर आहे. पन्नास जणांच्या लाँचऐवजी दोघांपुरती छोटी होडी ठरवा आणि परतीला लहान कालव्यांतून न्यायला सांगा. वाटाघाटी आदल्या संध्याकाळी करा, हॉटेलवाल्याकडून भाव विचारून घ्या, आणि किती तास व कोणते कालवे ते कागदावर लिहून घ्या. दोन्ही बाजूंना पाण्यातूनच उगवलेली निपा ताडाची झापं, मागे आंबा-फणसाच्या बागा, प्रत्येक घराला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. कोकणातल्या खाडीची आठवण येते, फक्त इथे डोंगर कुठेच नाही. व्हिएतनामचा निम्म्याहून जास्त तांदूळ याच सपाटीतून येतो.

चाव डोकला बसने तीनेक तास. हे गाव आम्हाला कान थोहून जास्त आवडलं. इथे नदीवर तरंगती घरं आहेत आणि घराच्या जमिनीखाली पिंजऱ्यात मासे पाळलेले असतात. फळी उचलून मूठभर खाद्य टाकलं की पाणी उसळतं. मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांत जो ‘बासा’ मिळतो त्याचं मूळ गाव हेच, आणि नदीकाठी त्याचा पुतळाही उभारलेला आहे. पलीकडच्या काठावर चाम जमातीच्या मुसलमानांची वस्ती, मशिदी, हातमाग.

गावाबाहेर साम डोंगराच्या पायथ्याशी बा चुआ शू देवीचं मंदिर आहे. तिच्या उत्सवाला २०२४मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. मूर्ती मुळात पुरुषदेवतेची, बहुधा विष्णूची असावी, असं काही अभ्यासक मानतात. हे उगीच नाही. याच प्रांतातल्या ऑक एओ या प्राचीन नगराच्या उत्खननात विष्णूच्या मूर्ती आणि रोमन पदक दोन्ही सापडलं आहे. मंदिरासमोरच थोआई न्योक हाउ या अधिकाऱ्याची समाधी आहे. त्याने १८१९ ते १८२४ या काळात हजारो मजूर राबवून इथून समुद्रकाठच्या ‘हा तियेन’ गावाकडे कालवा खणवला. कालव्याला नाव मिळालं त्याच्या बायकोचं: विन ते. तीही इथेच त्याच्या शेजारी विसावली आहे. त्यावर मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘गच्चीतल्या टाकीला देतो तुझं नाव.’

चा सूचं जंगल इथून तासाभरावर. पाण्यात उभी मेलालेउकाची झाडं, पाण्यावर हिरव्या पाणवनस्पतींची सलग चादर, बगळे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा पुराच्या पाण्याचा मोसम, तेव्हा ते भरात असतं. एप्रिलच्या उन्हात जाऊ नका.

जेवण: मी शाकाहारी, नवरा सगळं खातो, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकते. माशाचा सॉस, न्योक माम, भाजीतही पडतो. ‘भाजी चालेल’ म्हणून भागत नाही, ‘आन चाय’ म्हणायचं आणि ‘चाय’ पाटीची खाणावळ शोधायची. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी बरेच स्थानिकही शाकाहार करतात, तेव्हा पर्याय वाढतात. आंबट सारात हादग्याची फुलं घातलेली पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. चाव डोकच्या मंडईत आंबवलेल्या माशांचे ढीग असतात. नाक नाजूक असेल तर लांबूनच जा.

पैसे: एका रुपयाला साधारण ३०० डोंग. २०,००० आणि ५,००,०००, दोन्ही नोटा निळ्या. संध्याकाळच्या उजेडात देताना शून्यं मोजा. जुलै २०२५पासून प्रांतांचं विलीनीकरण झालं आहे, त्यामुळे बेन चे आता विन लाँग प्रांतात दिसेल. जुन्या नकाशावर बुकिंग करताना गोंधळू नका.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. चाव डोकहून कंबोडियाच्या राजधानीला, नोम पेन्हला, वेगवान बोट जाते. ती घ्यायची असेल आणि पुन्हा व्हिएतनाममध्येच परतून विमान पकडायचं असेल, तर अनेकदा प्रवेशाचाच घ्या. कंबोडियाचा व्हिसा त्या नदीनाक्यावर कसा मिळतो, ते बोटीचं तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.